‘पित्त’ म्हणून सोडून दिलेला जठरदाह: तपासणी, उपचार आणि खातरजमा

आपल्याकडे पोटाच्या वरच्या भागातील प्रत्येक तक्रारीला ‘पित्त’ हा एकच शब्द पुरतो. छातीखाली जळजळले की पित्त, करपट ढेकर आले की पित्त, दोन घासांत पोट डब्ब झाले की पित्त आणि सकाळी दात घासताना मळमळले तरी पित्तच. मग थंड दूध, आमसुलाचे सार, पाण्यात फसफसणारा सोडा आणि शेवटी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना आणलेली पॅन्टोप्राझोलची पट्टी, असा उपायांचा क्रमही ठरून गेलेला असतो. बहुतेक वेळा यात फारसे बिघडत नाही, कारण बहुतेक वेळा कारणही जागरण, उपास किंवा लग्नातले जेवण एवढेच असते. परंतु तीच तक्रार महिनोन्महिने परत येत असेल आणि गोळी सोडल्यावर चार दिवसांत पुन्हा डोके वर काढत असेल, तर जठराच्या आतील अस्तराला दीर्घकाळचा दाह झालेला असण्याची शक्यता गृहीत धरून पुढे जावे. या दाहाचे जगभर आढळणारे सर्वांत मोठे कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जीवाणू आहे आणि जठराच्या कर्करोगाचेही प्रमुख टाळता येण्याजोगे कारण तोच आहे.

तपासणी कोणती आणि केव्हा करावी, अहवाल कसा वाचावा, औषधे कशी घ्यावीत आणि औषधांनंतर जीवाणू खरोखर गेला की नाही याची खात्री कशी करावी, एवढ्यापुरते हे मार्गदर्शन आहे. औषधांची निवड आणि मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची असते. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी आणि तेथून परतल्यानंतर आपल्या हातात जे उरते, तेवढेच येथे दिले आहे.

आत काय घडते

जठरातील आम्ल इतके तीव्र असते की तेथे कोणताही जीवाणू तग धरू शकणार नाही, असे वैद्यकशास्त्र दीर्घकाळ मानत आले होते. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन यांना रुग्णांच्या जठरातून तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यांमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली नागमोडी जीवाणू वारंवार दिसत होते. बॅरी मार्शल यांच्यासह त्यांनी ते प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याचा खटाटोप सुरू केला. दोन दिवसांत काही उगवले नाही की बशी टाकून दिली जाई. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत मात्र बशा चार-पाच दिवस तशाच राहिल्या आणि जीवाणू उगवला, कारण तो मुळातच सावकाश वाढणारा होता. तरीही कोणी विश्वास ठेवीना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी जीवाणूंचे मिश्रण स्वतः पिऊन पाहिले. काही दिवसांत त्यांना मळमळ व उलट्या सुरू झाल्या आणि दुर्बिणीने काढलेल्या तुकड्यांत जठरदाह स्पष्ट दिसला. २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हा जीवाणू युरिएज नावाचे विकर (एन्झाइम) तयार करतो. त्याच्या साहाय्याने तो जठरातील युरियाचे अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांत विघटन करतो, अमोनियाच्या आवरणाने स्वतःभोवतीचे आम्ल बोथट करतो आणि शेपटीसारख्या तंतूंच्या जोरावर अस्तरावरील चिकट थरात शिरून बसतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढील बहुतेक तपासण्यांचे तत्त्व आपोआप समजते, कारण श्वासाची चाचणी असो वा तुकड्यावरची झटपट चाचणी, दोन्ही या युरिएजच्याच मागावर असतात.

संसर्ग प्रायः लहानपणी आणि घरातच होतो. लाळेतून, उलटीतून, दूषित पाण्यातून किंवा अस्वच्छ हातांतून तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि उपचार न केल्यास बहुधा जन्मभर राहतो. त्यामुळे ‘मागच्या आठवड्यात बाहेर काहीतरी खाल्ले, त्यातून हे झाले’ हा तर्क सहसा खरा नसतो. तिखटावर खापर फोडण्याची आपली सवयही येथे लागू पडत नाही. मिरचीने जळजळ वाढू शकते, पण तिच्यातून हा जीवाणू उपजत नाही.

भीती किती बाळगावी

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये या जीवाणूला पहिल्या गटातील, म्हणजे माणसात कर्करोग घडवतो हे सिद्ध झालेल्या घटकांच्या यादीत टाकले. हे वाक्य वाचून घाबरणारा माणूस दुसरे वाक्य वाचायचे विसरतो: जगातील जवळजवळ निम्म्या लोकांत हा संसर्ग आढळत आला आहे आणि संसर्ग असलेल्या शंभर जणांपैकी साधारण एक ते तिघांनाच आयुष्यात कधीतरी जठराचा कर्करोग होतो. व्रण (अल्सर) त्याहून पुष्कळ जणांना होतो आणि बहुसंख्य लोकांना काहीही जाणवत नाही.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर मात्र संबंध फार घट्ट आहे. जपानमध्ये १,५२६ रुग्णांवर सरासरी ७.८ वर्षे लक्ष ठेवून २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संसर्ग असलेल्या १,२४६ जणांपैकी ३६ जणांना जठराचा कर्करोग झाला, तर संसर्ग नसलेल्या २८० जणांपैकी एकालाही झाला नाही. कर्करोगापर्यंतचा हा प्रवास एका रात्रीत होत नाही. आधी साधा दाह, मग आम्ल तयार करणाऱ्या ग्रंथी झिजणे, मग जठराच्या अस्तराने आतड्याच्या अस्तराचे रूप घेणे, मग पेशींची विकृत वाढ आणि शेवटी कर्करोग, अशा पायऱ्या पेलायो कोरेआ यांनी मांडल्या आणि या पायऱ्या ओलांडायला बहुधा दशके लागतात. बहुतेक माणसे मधल्याच एखाद्या पायरीवर थांबतात. उपचाराला अर्थ आहे तो या दीर्घ मुदतीमुळेच आणि जितक्या आधीच्या पायरीवर जीवाणू हटवला जाईल तितका लाभ अधिक.

भारतात हा संसर्ग सर्रास असूनही जठराच्या कर्करोगाचे प्रमाण एकंदरीत कमी आहे. या विसंगतीला तज्ज्ञ ‘भारतीय कोडे’ म्हणतात. जीवाणूच्या जातीतील फरक, आहार आणि आनुवंशिकता ही कारणे सांगितली जातात. परंतु सरासरीवर विसंबून राहू नये, कारण त्याच देशात मिझोरामचे आकडे फार जास्त आहेत आणि तेथे तंबाखूचा धूर पाण्यात विरघळवून केलेले ‘तुइबुर’, धुरावलेले मांस आणि आंबवलेली डुकराची चरबी यांच्याकडे बोट दाखवले गेले आहे. जीवाणू एकटा पुरेसा नसतो. त्याला तंबाखू, मीठ आणि घराण्याचा वारसा यांची जोड मिळाली की पारडे झुकते.

कोणी थांबू नये, कोणी तपासून घ्यावे

काही लक्षणे असताना श्वासाची किंवा शौचाची चाचणी करीत बसणे म्हणजे वेळ घालवणे होय. अशी लक्षणे असलेल्यांनी थेट दुर्बिणीने जठर पाहून घ्यावे. प्रयत्न न करता वजन उतरणे, घास अडकणे, वारंवार उलट्या होणे, डांबरासारखी काळी व चिकट शौचास होणे, उलटीतून रक्त पडणे, तपासणीत लोहाची कमतरता निघणे आणि तिचे दुसरे कारण न सापडणे, थोडेसे खाताच पोट भरणे आणि हे दिवसेंदिवस वाढत जाणे, ही ती लक्षणे आहेत. पन्नाशी-साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच ‘पित्त’ सुरू झाले असेल, तर तेही याच यादीत धरावे. ज्यांना पूर्वी कधी त्रास नव्हता, त्यांना उतारवयात अचानक पित्ताची प्रकृती लागत नसते.

ज्यांना अशी लक्षणे नाहीत, परंतु अपचनाची तक्रार टिकून आहे, ज्यांना पूर्वी जठराचा किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीचा व्रण झाला होता, ज्यांना संधिवातासाठी वेदनाशामके किंवा हृदयासाठी ॲस्पिरिन दीर्घकाळ घ्यावे लागणार आहे आणि ज्यांच्या आईवडिलांपैकी, भावंडांपैकी किंवा मुलांपैकी कोणाला जठराचा कर्करोग झाला आहे, त्यांनी जीवाणूची चाचणी करून घ्यावी. शेवटच्या गटाविषयी दक्षिण कोरियातील एक प्रयोग फार बोलका आहे. जठराच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या जवळच्या नातेवाइकांपैकी ज्यांना संसर्ग होता, त्यांच्यातील निम्म्यांना खरे औषध आणि निम्म्यांना नकली गोळ्या देऊन सुमारे नऊ वर्षे पाहिले असता, औषध घेतलेल्यांत १.२ टक्के आणि न घेतलेल्यांत २.७ टक्के लोकांना कर्करोग झाला. घरात एखाद्याला हा आजार झाल्यावर बाकीचे कुटुंब सुतक पाळते, नवस बोलते, पण स्वतःची तपासणी करायचे त्याच्या ध्यानात येत नाही.

तपासणीपूर्वीचे पंधरा दिवस

सर्वाधिक घोटाळा तपासणीत होत नाही, तिच्या आधी होतो. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल या आम्ल रोखणाऱ्या गोळ्या चालू असताना जीवाणू मरत नाही, केवळ दबून राहतो आणि चाचणी खोटीच ‘निगेटिव्ह’ येऊ शकते. त्यामुळे या गोळ्या तपासणीपूर्वी किमान दोन आठवडे आणि कोणतेही प्रतिजैविक किंवा बिस्मथयुक्त औषध किमान चार आठवडे बंद असले पाहिजे. ज्यांना ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यामुळे आम्लरोधक गोळी दिलेली आहे, त्यांनी ती आपल्या मनाने थांबवू नये, आधी विचारावे. इतरांना त्या दोन आठवड्यांत गोळी सुटल्यामुळे जळजळ काहीशी उसळून येते. त्यासाठी साधे पातळ अँटासिड चालते. मात्र त्यात बिस्मथ नाही हे बाटलीवर वाचून घ्यावे. मिश्र गोळ्यांच्या पट्टीवरही बारीक अक्षरांत काय लिहिले आहे ते पाहावे, कारण उलटीवरचे औषध म्हणून दिलेल्या पट्टीत पॅन्टोप्राझोलही असते आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

चाचण्यांपैकी श्वासाची युरिया चाचणी सोपी आणि भरवशाची आहे. उपाशीपोटी एका पिशवीत फुंकायचे, विशिष्ट कार्बन असलेल्या युरियाचे पाणी किंवा गोळी घ्यायची आणि काही वेळाने पुन्हा फुंकायचे. जीवाणू असेल तर त्याने फोडलेल्या युरियाचा कार्बन श्वासात उतरतो. कार्बन-१३ वापरणारी चाचणी किरणोत्सारी नसते. कार्बन-१४ ची किंचित किरणोत्सारी असते आणि ती गरोदर स्त्रियांसाठी व मुलांसाठी टाळतात. ही सोय मुख्यतः मोठ्या शहरांत असते. तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांसाठी शौचातील प्रतिजन (अँटिजेन) चाचणी अधिक व्यवहार्य ठरते, कारण नमुना बाहेर पाठवता येतो. ती तितकीच उपयुक्त आहे. अडचण असते ती संकोचाची.

रक्तातील प्रतिपिंडांची (अँटिबॉडींची) चाचणी मात्र सरसकट करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. संसर्ग बरा झाल्यावरही ती कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षे ‘पॉझिटिव्ह’ येत राहते, त्यामुळे जीवाणू आज आहे की पूर्वी होता हे तिच्यावरून कळत नाही. सवलतीच्या ‘फुल बॉडी’ तपासणीत ती घातलेली दिसली आणि निकाल ‘पॉझिटिव्ह’ आला, तर लगेच औषधे सुरू न करता श्वासाच्या किंवा शौचाच्या चाचणीने पडताळा घ्यावा.

दुर्बीण आणि तुकड्यांचा अहवाल

दुर्बिणीची तपासणी सहा ते आठ तास उपाशी राहून करतात. घशात बधिर करणारा फवारा मारतात, हवे असल्यास गुंगीचे इंजेक्शन देतात आणि पाहण्याचे काम थोड्याच मिनिटांत आटोपते. गुंगी घेतली तर त्या दिवशी गाडी चालवू नये आणि सोबत कोणीतरी असावे. तपासणीपूर्वी डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारावा: तुकडे घेणार आहात का आणि कोठून कोठून? तुकडे काढताना दुखत नाही, कारण अस्तराला तशी संवेदना नसते. मान्य पद्धतीनुसार जठराच्या खालच्या भागातून, वळणावरून आणि मुख्य पोकळीतून मिळून पाच तुकडे घेतात आणि खालच्या व वरच्या भागांतले तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत पाठवतात. सगळे एकाच बाटलीत गेले तर झीज कोणत्या भागात किती पसरली आहे, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.

दुर्बिणीच्या कागदावर ‘अँट्रल गॅस्ट्रायटिस’ असे बहुतेकांना लिहून मिळते. याचा अर्थ अस्तर लालसर दिसले एवढाच असतो. डोळ्यांना दिसणारी लाली आणि सूक्ष्मदर्शकाखाली सापडणारा दाह यांचा मेळ बसतोच असे नाही. लाल दिसलेले जठर निरोगी निघते आणि गुळगुळीत दिसलेल्या जठरात झीज निघते. म्हणून त्या एका ओळीवर आयुष्यभराच्या गोळ्या सुरू करू नयेत आणि त्याच ओळीने घाबरूनही जाऊ नये. झटपट युरिएज चाचणीत तुकडा पिवळ्या माध्यमात टाकतात आणि युरिएज असेल तर रंग गुलाबी होतो. तिचा निकाल तेथेच कळतो, परंतु गोळ्या चालू असताना किंवा व्रणातून रक्तस्राव होत असताना तीही फसते.

खरा अहवाल काही दिवसांनी येतो आणि तो शांतपणे वाचावा लागतो. आमच्या घरात असा अहवाल पहिल्यांदा आला, तेव्हा त्यातील ‘इंटेस्टायनल मेटाप्लेशिया’ हे शब्द आम्ही ‘मेटास्टॅसिस’ असे वाचले आणि कर्करोग आतड्यात पसरला असे समजून एक रात्र कोणी झोपले नाही. दोन्ही शब्दांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. मेटाप्लेशिया म्हणजे सततच्या दाहाला कंटाळून जठराच्या अस्तराने आतड्याच्या अस्तराचा पेहराव चढवणे. तो कर्करोग नव्हे, तर लक्ष ठेवण्याची सूचना आहे. त्यात ‘कम्प्लीट’ आणि ‘इन्कम्प्लीट’ असे प्रकार असतात आणि दुसऱ्यात जोखीम अधिक असते. ‘क्रॉनिक’ याचा अर्थ तेथे जुन्या दाहाच्या पेशी आहेत, तर ‘ॲक्टिव्ह’ याचा अर्थ दाह आजही धुमसत आहे आणि बहुतेक वेळा जीवाणू तेथेच आहे. ‘ॲट्रॉफी’ म्हणजे ग्रंथींची झीज. ती केवळ खालच्या भागात आहे की वरपर्यंत पसरली आहे, यावर पुढील सारे अवलंबून असते. ‘डिस्प्लेशिया’, म्हणजे पेशींची विकृत वाढ, हा शब्द दिसला तर मात्र वेळ न दवडता जठराच्या तज्ज्ञाकडे जावे, कारण तेथून पुढची पायरी जवळ असते. सुरुवातीचा विकृत भाग पोट न उघडता दुर्बिणीतूनच कापून काढता येतो, हेही लक्षात असू द्यावे.

जीवाणू सापडला नाही, झीज मात्र वरच्या भागात आहे आणि बी-१२ कमी आहे, असा अहवाल आला तर शरीराची प्रतिकारशक्तीच जठराच्या पेशींवर उलटली असण्याची शक्यता तपासावी. आपल्याकडे बी-१२ कमी दिसले की ‘शाकाहारी आहात, होणारच’ असे म्हणून इंजेक्शने देऊन मोकळे होतात. मटण-मासे खाणाऱ्या माणसाचे बी-१२ कमी निघाले तर हे स्पष्टीकरण अर्थातच लागू पडत नाही.

चौदा दिवस

उपचारापूर्वी एक काम घरी बसून करावे. गेल्या काही वर्षांत कोणकोणती प्रतिजैविके घेतली, ती जुन्या चिठ्ठ्या पाहून कागदावर लिहून काढावीत. सर्दी-खोकल्याला तीन दिवस घेतलेले अझिथ्रोमायसिन, जुलाब लागले म्हणून घेतलेले मेट्रोनिडाझोल, लघवीच्या जळजळीला दिलेले ऑफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन, यांतील प्रत्येक औषधाशी जठरातील जीवाणूचीही त्या वेळी ओळख झालेली असते. अझिथ्रोमायसिनला सरावलेला जीवाणू त्याच कुळातील क्लॅरिथ्रोमायसिनला दाद देत नाही. भारतात मेट्रोनिडाझोलला न जुमानणारे जीवाणू फार मोठ्या प्रमाणात आहेत, क्लॅरिथ्रोमायसिनचाही भरवसा कमी होत चालला आहे. हा कागद डॉक्टरांपुढे ठेवला तर औषधांची निवड अंदाजाने करावी लागत नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी, गरोदरपणा, रक्त पातळ करणारी औषधे आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या यांचाही उल्लेख त्यात असावा.

पूर्वी तीन औषधांचा आठवडाभराचा संच दिला जाई. आता कल चार औषधांच्या चौदा दिवसांच्या उपचाराकडे आहे. आम्ल रोखणारी गोळी दिवसातून दोनदा, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल हा त्यातील प्रस्थापित संच आहे. याशिवाय अमॉक्सिसिलिनवर आधारलेले संचही वापरले जातात. गोळ्यांची संख्या पाहून माणूस दचकतो, म्हणून पहिल्याच दिवशी वेळापत्रक लिहून स्वयंपाकघरात लावावे. आमच्याकडे ते फ्रिजवर चिकटवले होते आणि प्रत्येक गोळी घेतल्यावर तिच्या चौकटीत पेन्सिलीने फुली मारली जाई; तिसऱ्या दिवशी दुपारच्या चौकटीत फुली नव्हती, तेव्हाच कळले की डबा ऑफिसला गेला आणि गोळी घरीच राहिली.

आम्ल रोखणारी गोळी सकाळच्या न्याहारीच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावी. चहा-खारीनंतर घेतली तर तिचा निम्मा जोर वाया जातो असे समजावे. बाकीच्या गोळ्या डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर जेवणानंतर घ्याव्यात. टेट्रासायक्लिन दूध, दही, ताक, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या यांच्याबरोबर घेऊ नये, कारण ते त्यांना चिकटते आणि रक्तात पोहोचत नाही. मध्ये किमान दोन तास जाऊ द्यावेत. म्हणजे जेवणाच्या शेवटी ताकभात खाण्याची सवय चौदा दिवस बाजूला ठेवावी लागते. ती गोळी भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये, अन्यथा अन्ननलिकेला जखम होते. मेट्रोनिडाझोल चालू असताना आणि संपल्यावरही तीन दिवस मद्य वर्ज्य करावे.

तोंडाला धातूची चव येते, मळमळते, जीभ आणि शौच काळी पडते, लघवीचा रंग गडद होतो. यांपैकी कशानेही औषध थांबवू नये. बिस्मथमुळे काळी झालेली शौच डांबरासारखी चिकट व घाण वासाची नसते. तशी असेल, चक्कर येत असेल किंवा घाम फुटत असेल तर ती गोष्ट वेगळी आणि तातडीची. अंगावर पुरळ, ओठांना सूज, श्वासाला त्रास किंवा सतत पाण्यासारखे जुलाब झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. परंतु ‘आता बरे वाटते’ म्हणून दहाव्या दिवशी औषध सोडणे ही सर्वांत महाग पडणारी बचत आहे, कारण उरलेले जीवाणू त्या औषधांना सरावलेले असतात आणि पुढच्या वेळी ती औषधे हातची गेलेली असतात.

खातरजमा

जळजळ थांबणे हा जीवाणू गेल्याचा पुरावा नाही. आम्ल रोखणाऱ्या गोळीनेही ती थांबते. उलट, जीवाणू पूर्णपणे गेलेल्या कित्येकांची अपचनाची तक्रार तशीच राहते, कारण ती अन्य कारणाने असते. म्हणून उपचार संपल्यावर किमान चार आठवडे थांबून, त्यांतील शेवटचे दोन आठवडे आम्लरोधक गोळी बंद ठेवून, श्वासाची किंवा शौचाची चाचणी पुन्हा करावी. गणपती बसायच्या आधी औषधे संपली असतील, तर दसऱ्याच्या सुमारास ही चाचणी येते. ती तारीख औषध संपते त्याच दिवशी कालनिर्णयच्या चौकटीत लिहून ठेवावी, कारण महिन्याने प्रकृती ठीक असते आणि चाचणी करायला कोणाचेच पाय वळत नाहीत. पैसे उगाच कशाला घालवायचे, असा प्रश्न घरातून येतो. त्याचे उत्तर एवढेच, की पहिली चाचणी आणि चौदा दिवसांची औषधे यांवर झालेला खर्च या चाचणीशिवाय अर्धवट राहतो.

जीवाणू शिल्लक निघाला तर त्याच गोळ्या पुन्हा घेऊ नयेत. पहिल्या संचातील क्लॅरिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन दुसऱ्यांदा वापरीत नाहीत. औषधे बदलतात आणि दोनदा अपयश आले तर तुकड्यावरून जीवाणू कोणत्या औषधाला दाद देतो, याची तपासणी करण्याचा विचार करतात.

त्यानंतर

जीवाणू गेला, झीज नव्हती आणि घराण्यात कर्करोग नाही, अशा माणसाने दरवर्षी दुर्बीण घालून घेण्याचे कारण नाही. झीज किंवा मेटाप्लेशिया खालच्या भागापुरता आणि सौम्य असेल, तर निर्णय घराण्याचा इतिहास व प्रकार पाहून होतो. तो खालच्या व वरच्या अशा दोन्ही भागांत पसरलेला असेल तर साधारण तीन वर्षांनी, चांगल्या प्रतीच्या दुर्बिणीने, पुन्हा पाहतात. घराण्यात कर्करोग असेल तर त्याहून लवकर. जीवाणू हटवल्याने दाह विझतो, झीज काही जणांत भरून येते, परंतु मेटाप्लेशिया सहसा परत फिरत नाही. म्हणूनच ‘पॉझिटिव्हचे निगेटिव्ह झाले’ एवढ्यावर अशांची फाइल बंद होत नाही.

आहाराविषयी दोनच गोष्टी ठामपणे सांगता येतात. मीठ कमी करावे, विशेषतः मिठात मुरवलेले आणि खारवलेले पदार्थ. रोजचे लोणचे-पापड आणि किनारपट्टीवर सुकी खारी मासळी हे त्यात येतात. कधीतरी खाण्याला हरकत नाही, पण ज्यांच्या अहवालात झीज आहे त्यांनी ते रोजच्या ताटातून काढावेत. दुसरी गोष्ट तंबाखूची आणि त्यात मिश्रीही आली. ‘आम्ही तंबाखू खात नाही, फक्त मिश्री लावतो’ असे सांगणाऱ्या स्त्रिया महाराष्ट्रात घरोघरी भेटतात आणि डॉक्टरांनी तंबाखूविषयी विचारले तर प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच; लावताना तिचा रस पोटात जातोच. डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगावे.

गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली वेदनाशामके जीवाणू नसतानाही जठराला व्रण पाडतात, तेव्हा ती विचारल्याविना घेऊ नयेत. घरातील जोडीदाराची व सज्ञान मुलांची चाचणी करून घेणे हिताचे आहे. तान्ह्या बाळाला घास चावून भरवण्याची जुनी रीत सोडावी. शेवटी एक साधी फाइल करावी: दुर्बिणीचा कागद, तुकड्यांचा मूळ अहवाल, घेतलेल्या चारही औषधांची नावे व तारखा आणि खातरजमेच्या चाचणीचा निकाल. तुकड्यांच्या काचपट्ट्या व मेणाचे ठोकळे प्रयोगशाळा काही काळ जपून ठेवते. अहवालात झीज, मेटाप्लेशिया किंवा डिस्प्लेशिया असेल तर त्या पट्ट्यांचा क्रमांक फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, म्हणजे दुसरे मत घेण्याची वेळ आली तर पुन्हा दुर्बीण न घालताही तेच तुकडे दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवता येतात.